मिलम : मिठाच्या वाटेवरचे गाव

वाचकहो, मीठ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे समुद्र उभा राहतो. किनाऱ्यावरची मिठागरे आणि उन्हात चकाकणाऱ्या पांढऱ्याशुभ्र राशी आठवतात. परंतु आपल्याच देशात असा एक भाग आहे, की जेथील लोकांना पिढ्यानुपिढ्या मीठ मिळत आले ते समुद्राच्या नेमक्या उलट दिशेने, म्हणजे उत्तरेकडून! तिबेटच्या पठारावरील खाऱ्या सरोवरांच्या काठी गोळा केलेले हे मीठ मेंढ्या-बकऱ्यांच्या पाठीवर लादले जाई आणि पाच हजार मीटरांहून उंच अशा खिंडी ओलांडून कुमाऊंच्या खोऱ्यांत उतरत असे. या वाटेवर, हिमालयाच्या अलीकडच्या अंगाला, भारताच्या हद्दीतील शेवटचे गाव लागते. त्याचे नाव मिलम. आज त्याची वस्ती अगदी विरळ आहे. पण एके काळी या बाजूच्या डोंगरमुलखात त्याच्याइतकी मोठी आणि सधन गावे फार थोडी होती. अशा गावाची हकीकत आपल्यापुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मिलम उत्तराखंड राज्याच्या पिठोरागढ जिल्ह्यात आहे. काठगोदाम येथे आगगाडीचा मार्ग संपतो. तेथून अलमोडा, बागेश्वर अशी गावे मागे टाकीत मोटारीने मुनस्यारीस पोहोचावे. मुनस्यारीसमोर पंचचूलीची पाच हिमशिखरे एका ओळीत उभी आहेत. तेथून गोरीगंगेच्या काठाकाठाने वर जाणारी पायवाट म्हणजेच जुना व्यापारी मार्ग होय. पहिले दोन दिवस ही वाट अशा अरुंद घळीतून जाते, की दोन्ही बाजूंचे कडे जणू एकमेकांना भिडू पाहतात. पुढे रिलकोट ओलांडले की दरी एकाएकी रुंदावते, झाडे संपतात आणि मर्तोली, बुर्फू, बिल्जू, पाछू अशी दगडी घरांची गावे दिसू लागतात. या उंच प्रदेशास जोहार खोरे म्हणतात. खोऱ्याच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ३४०० मीटर उंचीवर, मिलम वसलेले आहे. गावाच्या वरच्या अंगाला मिलम हिमनदी आहे आणि तिच्याच पोटातून गोरीगंगा जन्म पावते.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. या उंचीवर वर्षातील जेमतेम पाच महिने जमीन बर्फाविना असते. तेवढ्या अवधीत थोडे जव, थोडे फाफर (हे आपल्या उपवासाच्या कुट्टूच्या जातीचे धान्य) आणि अलीकडच्या काळात बटाटे, एवढेच पीक निघू शकते. त्यावर मोठे गाव जगणे केवळ अशक्य. तरीही मिलमला कोरीव लाकडी चौकटींची, दुमजली, दगडी घरे उभी राहिली. ही समृद्धी शेतातून आलेली नव्हती. ती आली वाटेवरून. मिलमची खरी शेती म्हणजे तिबेटकडे जाणारी ती पायवाट होती, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

तीन घरांचे गृहस्थ

जोहारच्या लोकांना शौका असे म्हणतात. सरकारी कागदपत्रांत त्यांचा उल्लेख भोटिया या नावाने येतो. त्यांची आडनावे पाहा : मर्तोलीचे ते मर्तोलिया, बुर्फूचे बुर्फाल, बिल्जूचे बिल्ज्वाल, टोलाचे टोलिया. गावाच्या नावाला 'कर' जोडून आडनाव करणाऱ्या आपल्यासारख्या वाचकांना ही रीत लागलीच ओळखीची वाटेल.

आपले घर साधारणतः एकच असते. शौका कुटुंबाची घरे मात्र तीन ठिकाणी असत. उन्हाळ्यात मिलमसारख्या उंचावरील गावी, वाटेवर मुनस्यारीच्या आसपास आणि हिवाळ्यात तेजम, थल यांसारख्या खालच्या उबदार दऱ्यांत. बर्फ वितळू लागले की म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून तान्ह्या मुलापर्यंत सारे घर, भांडीकुंडी, गुरे, कुत्री आणि मेंढ्यांचे कळप यांसह वर चढू लागे. शरद ऋतूच्या अखेरीस हीच यात्रा उलट दिशेने निघे. मग कित्येक महिने सारे मिलम कुलूपबंद होऊन बर्फाखाली निजत असे.

पुरुष तिबेटात गेले, म्हणजे गावाचा सारा भार स्त्रियांवर पडे. शेत, गुरे, मुले सांभाळून त्या लोकर पिंजीत, कातीत आणि मागावर विणीत. चालताना देखील हाताची टकळी थांबत नसे. 'दन' नावाचे गालिचे, 'थुलमा' व 'चुटका' ही जाड पांघरुणे आणि 'पंखी' ही अंगावर घेण्याची शाल, हे सारे त्यांच्याच हातचे. तिबेटची कच्ची लोकर या हातांतून गेली की तिचे मोल वाढे. व्यापाराच्या इतिहासात तांडे घेऊन जाणाऱ्यांची नावे राहतात. परंतु त्या व्यापाराचा निम्मा भाग घरी, या मागांवरच होत होता.

तीन खिंडी आणि एक दिवस

मिलमहून तिबेटकडे जाताना ऊंटाधुरा, जयंती आणि कुंगरी-बिंगरी अशा तीन खिंडी लागतात. तिन्ही पाच हजार मीटरांहून उंच. त्यांच्या मधल्या भागात ना सरपण, ना जनावरांना पुरेसे गवत. म्हणून शक्यतो एकाच दिवसात तिन्ही ओलांडाव्यात, असा जाणत्यांचा शिरस्ता होता. मध्येच हिमवादळाने गाठले, तर माणसे आणि जनावरे दोहोंच्या जिवावर बेते.

मोठे ओझे याक आणि 'झिब्बू' म्हणजे याक व गाय यांच्या संकराचे जनावर वाही. परंतु या वाटेचा खरा हमाल होता तो मेंढा आणि बोकड. जाड लोकरीच्या कापडाची, तळाशी चामडे लावलेली एक छोटी पडशी त्याच्या पाठीवर दोन्ही बाजूंना सारखी तोलून बांधीत. तिच्यात आठ-दहा किलो माल राही. एका मेंढ्याचे ओझे ते केवढे! पण असे शेकडो मेंढे एकामागून एक चालत. आणि वाटेत चरत चालणाऱ्या या हमालांना वेगळा दाणागोटाही लागत नसे. घोड्याला पाय ठेवण्यास जागा नसे, तेथून मेंढा सुखाने जाई.

जाताना या पडशांत तांदूळ, गहू, जव, गूळ, मिश्री, तंबाखू आणि सुती कापड असे. परतताना मीठ, टाकणखार, लोकर आणि पशमीना येई. कधीमधी थोडे सोनेही येई, कारण पश्चिम तिबेटात सोन्याच्या खाणी होत्या. खिंडींपलीकडील ग्यानिमा या ठिकाणी उन्हाळ्यात मोठा बाजार भरे. एरवी उघडेबोडके असणारे ते माळरान त्या काळात पांढऱ्या तंबूंनी भरून जाई. खरेदी केलेला माल पुढे हिवाळ्यात खालच्या जत्रांत विकला जाई. कार्तिक-मार्गशीर्षाच्या सुमारास जौलजीबीची जत्रा आणि मकर संक्रांतीस बागेश्वरची उत्तरायणी, या दोन मोठ्या पेठा होत. संक्रांतीला आपण तिळगूळ वाटतो. त्याच दिवशी शरयूच्या काठी तिबेटची लोकर आणि मैदानातील धान्य यांची अदलाबदल होत असे.

अर्धा दगड

आपल्या मनात प्रश्न येईल, की भाषा निराळी, राज्य निराळे, न्यायालय नाही, पेढी नाही. मग हा व्यवहार चाले कसा? त्याचे उत्तर मोठे मनोरम आहे. प्रत्येक शौका व्यापाऱ्याचा तिबेटात एक ठरलेला 'मित्र' असे. व्यापार करावयाचा तो त्याच्याशीच. ही मैत्री बापाकडून मुलाकडे वारशाने जाई. तिला एखाद्या मिळकतीसारखे मोल असल्यामुळे अडचणीच्या वेळी ती दुसऱ्यास विकतादेखील येत असे. मैत्री जोडताना कधी लेखी करार होई, तर कधी एक दगड फोडून त्याचा एकेक तुकडा दोघांनी जवळ ठेवण्याचा प्रघात होता. पुढे कोणी दुसराच मनुष्य निरोप घेऊन आला, तर त्याने आणलेला तुकडा आपल्या तुकड्याशी जुळवून पाहावयाचा. दोन तुकडे बिनचूक बसले, म्हणजे माणूस खरा! दगडाच्या फुटलेल्या कडेची नक्कल करणे कोणालाही साधत नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे या युक्तीतील शहाणपण पटते.

तिबेटी अधिकारीही सावध असत. दर उन्हाळ्यात वाट मोकळी होण्यापूर्वी त्यांचा माणूस खिंडींच्या अलीकडे येऊन चौकशी करी, की हिंदुस्थानात कोठे साथ, दुष्काळ किंवा युद्ध तर चालू नाही? गावातील प्रमुखांनी ग्वाही दिल्यावरच व्यापारास परवानगी मिळे. ग्वाही खोटी ठरल्यास जबाबदारी त्यांची. अशा रीतीने, साथीच्या रोगांची खबर देणे-घेणे हाही या वाटेवरील एक जुना व्यवहार होता.

व्यापाराबरोबर गाणीही आली. कुमाऊंमध्ये घरोघर माहीत असलेल्या 'राजुला-मालूशाही' या लोकगाथेची नायिका राजुला ही शौका व्यापारी सुनपती याची कन्या आहे आणि नायक मालूशाही हा कत्यूरी वंशाचा राजा. गाथेतील इतिहास किती आणि कल्पना किती, हा प्रश्न बाजूला ठेवू. परंतु राजाची बरोबरी करणारा व्यापारी लोकांच्या कल्पनेत उभा राहावा, यावरूनच शौकांचा दरारा लक्षात येतो.

पावलांनी मोजलेला देश

वाट चालणे हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांच्यातून एक जगप्रसिद्ध प्रवासी निपजावा, यात नवल नाही. नैनसिंग रावत यांचा जन्म १८३० साली जोहारमध्ये झाला. घरची स्थिती बेताचीच होती. श्लागिंटवाइट बंधू या नावाने प्रसिद्ध असलेले जर्मन संशोधक १८५५ मध्ये मिलमच्या वाटेने तिबेटकडे गेले. त्यांच्याबरोबर काम करताना नैनसिंगांनी मोजणीची उपकरणे हाताळण्यास शिकून घेतले. पुढे ते मिलमच्या सरकारी शाळेत शिक्षक झाले. म्हणून 'पंडित' ही उपाधी त्यांच्या नावाला कायमची चिकटली.

त्या काळी तिबेटात परकीयांस प्रवेश नव्हता आणि सर्वेक्षण खात्याच्या नकाशावर तो सारा प्रदेश कोराच होता. १८६३ मध्ये नैनसिंग व त्यांचे चुलतभाऊ मानीसिंग यांची या कामासाठी निवड झाली. डेहराडून येथे त्यांना शिकविण्यात आले ते असे : चढ असो वा उतार, पाऊल नेहमी सारख्याच लांबीचे, सुमारे ३३ इंचांचे, पडले पाहिजे. माळेत १०८ ऐवजी १०० मणी. दर शंभर पावलांना एक मणी सोडावयाचा. म्हणजे माळ एकदा पुरी झाली की दहा हजार पावले झाली. हातातील प्रार्थनाचक्रात मंत्राच्या जागी नोंदींचे कागद. काठीच्या पोकळीत उष्णतामापक. उकळत्या पाण्याचे तपमान पाहून त्यावरून ठिकाणाची उंची काढावयाची.

हा पायी चालणारा मोजणीदार १८६५ मध्ये नेपाळमार्गे तिबेटात शिरला आणि जानेवारी १८६६ मध्ये ल्हासास पोहोचला. ल्हासाचे स्थान आणि त्याची उंची त्याने निश्चित केली; परतताना त्सांगपो म्हणजे ब्रह्मपुत्रेच्या वरच्या प्रवाहाचा फार मोठा टापू मोजून काढला. पुढे १८७४-७५ मध्ये लेहहून ल्हासामार्गे थेट आसामपर्यंत त्यांनी आणखी एक दीर्घ प्रवास केला. १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. त्यांचेच आप्त किशनसिंग यांनी १८७८ ते १८८२ या काळात ल्हासाहून मंगोलियाच्या दिशेने पार गोबीच्या सीमेवरील तुन-हुआंगपर्यंत मजल मारली. भारतीय टपाल खात्याने २००४ मध्ये नैनसिंगांचे तिकीट काढले, तेव्हा कित्येकांना हे नाव प्रथमच कळले.

हे सर्व साधले कशामुळे? धाडस तर होतेच. पण त्याहूनही उपयोगी पडले ते मिलमचे रोजचे शिक्षण. तिबेटी बोलता येणे, तेथील चालीरीती अंगवळणी असणे, विरळ हवेत दिवसभर चालण्याची सवय आणि व्यापाऱ्याची हिशेबी नजर. साम्राज्याच्या सत्तेला नकाशा हवा होता, हे खरे आहे. आणि ज्या तिबेटी शेजाऱ्यांनी विश्वास टाकला, त्यांच्याच देशात गुप्तपणे मोजणी झाली, हेही तितकेच खरे. इतिहास वाचताना या दोन्ही गोष्टी एकत्र ध्यानात ठेवणे प्राप्त आहे.

वाट बंद होते

२९ एप्रिल १९५४ रोजी भारत व चीन यांच्यात तिबेटशी होणाऱ्या व्यापाराविषयी करार झाला. 'पंचशील' हा शब्द ज्याच्या प्रस्तावनेमुळे प्रसिद्धीस आला, तोच हा करार. व्यापारी आणि यात्रेकरू यांनी कोणत्या मार्गांनी ये-जा करावी, हे सांगताना त्यात सहा खिंडींची नावे दिली आहेत : शिपकी, माणा, नीती, कुंगरी-बिंगरी, दारमा आणि लिपुलेख. मिलमकरांची पिढ्यान्‌पिढ्यांची पायवाट अशा रीतीने दोन राष्ट्रांच्या करारात नावानिशी दाखल झाली. परंतु कराराची मुदत आठ वर्षांचीच होती. १९५९ पासून तिबेटातील परिस्थिती बिघडत गेली. १९६२ च्या जूनमध्ये करार संपला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात युद्ध सुरू झाले.

खिंडी बंद झाल्या. कोणत्या मित्राकडे किती येणे राहिले, कोणाचा माल पलीकडे अडकला, याचा हिशेब मागावयास जागाच उरली नाही. लोकर येईना, मागांना काम पुरेना. मेंढ्यांचे कळप ठेवून करावयाचे काय? ज्या गावाचे शेत म्हणजे वाट होती, त्या गावास ती वाट मिटल्यावर उन्हाळ्यात वर चढण्याचे कारणच राहिले नाही. काही वर्षांतच मिलमची बहुतेक घरे रिकामी झाली. ज्यांचे छप्पर दर वर्षी डागडुजीविना राहिले, त्यांवर बर्फाचा भार साचला, तुळया मोडल्या आणि भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या.

माणसे मात्र खचली नाहीत. १९६७ मध्ये भोटिया समाजाचा समावेश अनुसूचित जमातींत झाला. शिक्षणाची ओढ या समाजात नैनसिंगांच्या शाळेपासून होतीच. मुले शिकली, शिक्षक, सैनिक, अधिकारी, डॉक्टर झाली आणि देशभर पांगली. व्यापारात जी हुशारी लागे, ती त्यांनी निराळ्या कामांत वापरली. एका समाजाने अवघ्या एका पिढीत आपला व्यवसाय बदलून दाखवावा, ही गोष्ट लहान नाही. तथापि जे हरपले, त्याची भरपाई नोकरीने झाली असेही म्हणता येत नाही. तिबेटी भाषा जाणणारी म्हातारी माणसे गेली. दन विणणारे हात कमी झाले.

लिपुलेखमार्गे होणारा व्यापार १९९२ मध्ये आणि सिक्कीममधील नथू ला येथील व्यापार २००६ मध्ये पुन्हा सुरू करण्यात आला. कुंगरी-बिंगरीच्या वाट्यास ते भाग्य आले नाही. एकविसाव्या शतकात मुनस्यारीपासून मिलमकडे मोटारीचा रस्ता बांधण्याचे काम हाती घेण्यात आले, ते मुख्यतः सीमेच्या संरक्षणासाठी. मिलमला आता भारत-तिबेट सीमा पोलिसांची चौकी आहे. या दलाची स्थापना २४ ऑक्टोबर १९६२ ची, म्हणजे ज्या दिवसांत वाट बंद झाली, त्याच दिवसांतली.

आपण गेलात, तर

कधी या बाजूस जाण्याचा योग आला, तर जून ते सप्टेंबरअखेर हा काळ निवडावा; भर पावसाचे दिवस टाळावेत, कारण घळीत दरडी कोसळतात. सीमेजवळचा प्रदेश असल्यामुळे मुनस्यारीस परवाना घ्यावा लागतो. तेथील छोट्या संग्रहालयात शौकांची भांडी, वस्त्रे, पडशा, जुने कागद जपून ठेवले आहेत, ते आधी पाहून घ्यावे. मग वाटेवरची गावे अधिक बोलकी होतात.

मिलमच्या गल्ल्यांतून हिंडताना आपणांस पडक्या घरांच्या दाराच्या चौकटींवर फुलापानांची नक्षी दिसेल. पण सारे गाव ओसाड आहे, असे समजू नये. उन्हाळ्यात अजूनही काही कुटुंबे वर येतात, बटाटे लावतात, अतिविष, कुटकी यांसारख्या वनस्पती जोपासतात. भाद्रपदात नंदाष्टमीच्या सुमारास नंदादेवीच्या पूजेसाठी दूरदूरच्या शहरांतून माणसे आपापल्या गावी चढून येतात. त्यांतील पुष्कळांचा जन्मही येथे झालेला नसतो. दिल्ली, लखनौ, डेहराडून अशा ठिकाणी वाढलेला एखादा मर्तोलिया किंवा बुर्फाल धापा टाकीत वर पोहोचतो, आजोबांचे घर कोणते ते विचारतो आणि उरलेल्या भिंतीपाशी क्षणभर उभा राहतो. शेजारची म्हातारी त्याला खारा चहा देते. त्या चहातले मीठ मात्र आता दक्षिणेकडून, समुद्राकडून आलेले असते.